चुरा

रविवारी साचे थंड असत, त्यामुळे या घरातली सगळी मोठी भांडणे रविवारीच झाली होती. आठवडाभर तापलेल्या लोखंडाशेजारी उभे राहून भांडणे अवघड. हात भाजतो आणि मुद्दा हुकतो.

त्या रविवारी मात्र कुणी भांडायचे नाही, असे थोरल्याने बायकोला सकाळीच बजावले होते. ते त्याने इतक्या चढ्या आवाजात बजावले, की खाली रस्त्यावरच्या न्हाव्यालाही कळले.

"मी कुठे भांडतेय?" वहिनी म्हणाली. "मी नुसतं विचारलं, भाऊजींना खुर्ची कुठली ठेवू."

"कुठलीही ठेव. तो बसणार नाही. बसणं त्याच्या रक्तात नाही. उठून जाणं आहे."

वहिनीने हात असलेली खोलगट खुर्ची आत्याच्या पलंगाशी आणून ठेवली. त्या खुर्चीतून उठायला माणसाला वेळ लागतो, हा तिचा जुना अनुभव होता.

खिडकीपाशी आत्या पडून होती. थोरला आणि धाकटा, दोघांना तिनेच वाढवलेले. आई आणि बाप गेले तेव्हा एक गुडघ्याएवढा होता आणि एक पाळण्यात. भावाची पोरे आणि भावाचा धंदा दोन्ही तिच्या पदरात एकाच आठवड्यात पडले, आणि तिने दोन्ही सारख्याच शिस्तीने भाजून काढले. धंदा चर्चमधल्या मिस्सेसाठी, म्हणजे रविवारच्या उपासनेसाठी, लागणाऱ्या चकत्यांचा. गव्हाचे पीठ आणि पाणी, तिसरे काही नाही. दोन तापलेल्या लोखंडी तव्यांमध्ये पिठाचा पातळ पापुद्रा दाबायचा, जरा दमट होऊ द्यायचा, मग गोल चकत्या कापायच्या. कृती इतकी सोपी होती, की गुपित म्हणून जपायला घराण्याकडे काहीच नव्हते. त्यामुळे ते एकमेकांपासून दुसऱ्या गोष्टी लपवत.

वेदीवर जाईपर्यंत ती चकती. तिथे फादरांनी प्रभूचे शब्द उच्चारले, की ती चकती राहत नाही, प्रभूच होते; मग तिला परमप्रसाद म्हणायचे. तिथून पुढे घराण्याचा हक्क संपला. हे आत्याने दोघांना कापून उरलेली कतरण खाऊ घालता घालता शिकवले होते. दोघांनी ते पाठ केले, आणि मोठे झाल्यावर दोघेही विसरले.

विसरायला कारण झाले यंत्र. थोरल्याने आणलेले यंत्र चकतीची कड दाबून बंद करते, त्यामुळे चुरा पडत नाही. थोरल्याचे म्हणणे, प्रभूच्या शरीराचा एक कणही जमिनीवर पडता कामा नये. धाकट्याचे म्हणणे, चकती असते मोडण्यासाठी. ती मोडताना सगळ्या चर्चला ऐकू गेली पाहिजे, आणि यंत्राची चकती पुठ्ठ्यासारखी वाकते. दोघांचेही म्हणणे भक्तीचेच होते, म्हणून भांडण मिटेना. एका रविवारी धाकट्याने बापाचा जुना साचा हातगाडीवर घातला आणि पुलापलीकडे जाऊन आपली भट्टी मांडली. त्याला पंधरा वर्षे झाली.

तेव्हापासून थोरला टेकडीवरच्या चर्चमध्ये मिस्सेला जाई, कारण तिथे त्याच्या चकत्या जात. धाकटा नदीपलीकडच्या चर्चमध्ये जाई, कारण तिथे त्याच्या. दुकानाला लागून असलेले घरचे चर्च दोघांकडून माल घेई. त्यामुळे तिथे दोघांपैकी कुणीच जात नसे.

"आई, पाण्याचा चमचा कुठे गेला?" मुलगी म्हणाली. थोरल्याची ही एकुलती एक मुलगी हॉस्पिटलात नर्स होती आणि घरात सगळे तिला, जरा घाबरून, नर्सबाई म्हणत. मायलेकी सकाळच्या मिस्सेला जाऊन आल्या होत्या. "आणि बाबा, तुम्ही आज तिला हसवू नका. हसली की ठसका लागतो."

"मी हसवतो?" थोरल्याने विचारले.

"मुद्दाम नाही."

महिनाभर आत्याचा घास उतरत नव्हता. आता पाणीही घट्ट करून चमच्याने द्यावे लागे. उद्या नळी घालायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि नळी घातली की तोंडाने काहीही नाही. यात परमप्रसादही आला. शेजारच्या चर्चचे फादर दोनदा घरी परमप्रसाद घेऊन आले होते. दोन्ही वेळा आत्या "आज नको" म्हणाली, आणि आयुष्यात एक रविवार न चुकवलेली बाई असे का म्हणते, हे कुणालाच उमगेना. काल तिने एवढेच सांगितले : फादरांना उद्या बोलवा. आणि धाकट्याला.

*

धाकटा जिना चढताना कठड्याला हात लावत नव्हता. सवयीने लागला, तेव्हा त्याने तो काढून खिशात घातला. खालच्या दुकानात पूर्वी भाजल्या पिठाचा वास असे. आता यंत्राच्या तेलाचा होता. त्याला बरे वाटले. आपण म्हणत होतो ते खरे निघाल्याचे समाधान माणसाला कुठल्याही जिन्यात मिळते.

दारात नर्सबाई उभी होती. त्याने तिला शेवटचे पाहिले तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

"काका, तुम्ही म्हातारे झालात."

"तुझा बाप नाही झाला?"

"त्यांना रोज बघते. कळत नाही."

आत थोरला खिडकीशी, खोलीकडे पाठ करून उभा होता, म्हणजे त्याला वळवायचे तर आधी दुसऱ्याला बोलावे लागेल.

"पूल चालू आहे वाटतं," तो बाहेर बघत म्हणाला.

"बंद कधी होता, दादा?"

"बसा ना भाऊजी," वहिनी म्हणाली, आणि धाकटा त्या खोलगट खुर्चीत गेला. वहिनीने मनातल्या मनात दाराला कडी घातली.

आत्याने डोळे उघडले. तिने धाकट्याला नीट पाहून घेतले, जसा ती पूर्वी तव्यावरून निघालेला पापुद्रा उजेडात धरून बघे.

"वाळलास," ती म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "बायको जेवायला घालत नाही?"

"घालते. मी लाटेपर्यंत थांबत नाही."

"याचं सगळं असंच," थोरला खिडकीला म्हणाला.

*

फादर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, लहानशी डबी होती. रस्त्यात ते कुणाशी बोलले नव्हते. ज्याला घेऊन निघालो त्याच्यासमोर भाजीचे भाव विचारू नयेत, असे त्यांना वाटे. वहिनीने औषधांचे टेबल रिकामे करून पांढरे कापड घातले होते, मेणबत्ती लावली होती. फादरांनी डबी कापडावर ठेवली, गुडघा टेकला, आणि खोलीतला आवाज आपोआप उतरला.

"ऑफिसात निरोप होता, एकच आजारी, बाकी कुणी घेणार नाही," ते हळू म्हणाले. "म्हणून मी एकच आणलाय."

"निरोप माझा," वहिनी म्हणाली. "म्हटलं, हे दोघं एका खोलीत असताना कोण कशाला घेतंय."

ज्या घरातून आठवड्याला पोत्याने चकत्या बाहेर पडत, त्या घरात पाच माणसांमध्ये एकच परमप्रसाद होता. हे सगळ्यांच्या लक्षात आले.

"आत्या, सुरू करू?"

"नको."

"तिसऱ्यांदा नको म्हणताय."

"मला एकटीला उतरत नाही, फादर."

"आत्याआजी, घशाचा स्नायू..." नर्सबाई म्हणाली.

"घशाचं नाही ग बाई. तुझा घसा तू बघ." आत्या थांबली, दम घेतला. "जन्मभर मी घेतला तो रांगेत घेतला. पुढे कोण, मागे कोण, कधी विचारलं नाही. जिच्याशी बोलत नव्हते तीसुद्धा असायची पुढे. आणि माझ्या घरचे हे दोघे. एकमेकाच्या हातचं पीठ देवालाही लागू देत नाहीत."

फादर खुर्ची ओढून तिच्या जवळ बसले. ते नवशिके नव्हते, तरी अजून आशावादी होते. "परमप्रसादाला अट घालू नये, आत्या. तो बक्षीस नाही, तसाच दंडुकाही नाही. तुम्हाला त्याची गरज आहे. उद्या नळी घालणार म्हणतात. या दोघांच्या हट्टापायी तुम्ही का उपाशी राहायचं?"

"भावाशी बिनसलेलं असताना वेदीपाशी येऊ नका, आधी जाऊन मिटवा, हे सांगितलं कुणी? मी?"

"प्रभूनं. पण ते या दोघांना लागू. तुमचं कुणाशी बिनसलंय?"

"माझं?" आत्या म्हणाली. "माझं या दोघांशी बिनसलंय. पंधरा वर्षं. कुणी विचारलंच नाही."

खाली रस्त्यावर न्हाव्याच्या दुकानाचे शटर कुणीतरी वर ढकलले. धाकट्याला उठावेसे वाटले, पण खुर्चीने सोडले नाही.

थोरला शेवटी वळला. त्याच्या डोळ्यांपुढे गेल्या पंधरा वर्षांचे रविवार नव्हते. आत्याचा सुटलेला गळा होता, आणि त्यावरून खाली-वर होणारे कातडे. हिला उद्यानंतर काहीच देता येणार नाही. तो घसा खाकरून म्हणाला, "आत्या, मी घेतो. तुझ्याबरोबर घेतो. फक्त, फादर, ती चकती कुणाकडची आहे?"

फादरांनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिले, की मेणबत्तीलाही अवघडल्यासारखे झाले असावे.

"डबीत चकती नाही," ते म्हणाले. "आणि आधीही ती कुणाची होती ते मला ठाऊक नाही. तुमचे दोघांचे डबे आले की मी एकत्र करतो."

"एकत्र?" दोघेही म्हणाले.

"आल्यापासून. आणि गर्दीच्या रविवारी टेकडीवर कमी पडलं की आमच्यातला डबा तिकडे जातो. पुलापलीकडेही जातो. आम्ही फादर लोक आपसात बोलतो, तुमच्यासारखं नसतं. तुम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांनी भाजलेलं घेताय."

"मला कळलं असतं," थोरला म्हणाला.

"मलाही," धाकटा म्हणाला.

पंधरा वर्षांत दोघांचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही चुकीची निघाली.

आत्याच्या छातीत काहीतरी हलले. नर्सबाई धावली. "सांगितलं होतं ना, हसवू नका."

*

मग अडचण निघाली चहाची. परमप्रसादाआधी तासभर पोटात काही घालायचे नाही, आणि थोरल्याने फादर जिना चढत असताना कप संपवला होता.

"आजाऱ्याला सूट आहे," फादर म्हणाले. "त्याची सेवा करणाऱ्यालाही."

"मी सेवा करतोच," थोरला म्हणाला.

"तुम्ही?" वहिनी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. गरजच नव्हती.

"मी पुलावर बिस्किटं खाल्ली," धाकट्याने कबूल केले. "धीर यावा म्हणून."

"मग तासभर थांबू. ज्यानं इतकी वर्षं वाट पाहिली तो एक तास पाहील," फादर म्हणाले. "तोवर मला स्वयंपाकघर द्या. एकेकानं यायचं. मोठा आधी."

वहिनीच्या लक्षात आले, की गॅसवर दूध आहे. पण आत पापांची कबुली चाललेली, तिथे डोकावायचे कसे? ती दाराबाहेर पदर चाळवत उभी राहिली. आत काय बोलणे चालले होते ते तिला ऐकू येत नव्हते आणि तिने ऐकलेही नसते. पण नवऱ्याला बोलायला इतका वेळ लागतो हे तिला लग्नानंतर प्रथमच कळत होते. थोड्या वेळाने जळका वास आला. मग गॅसचे बटण वळल्याचा आवाज, आणि कुणीतरी फडक्याने ओटा पुसतेय असा. फादर पुसत असतील, असे तिला वाटले. नंतर कळले, थोरला पुसत होता. पुसता पुसताच त्याने उरलेले सांगितले.

इकडे खोलीत धाकटा आत्याजवळ होता. मध्ये टेबलावर डबी.

"बापाचा साचा चालतो अजून?"

"चालतो. एक कोपरा झिजलाय."

"डावा."

"डावाच."

"तो तुझ्या बापाच्या वेळेपासून तसा," आत्या म्हणाली. "मी पीठ जरा जास्त सोडायचे तिथे. कुणाला सांगितलं नाही."

"मीही तसंच करतो."

धाकटा डबीकडे बघत राहिला. इतकी वर्षे तो दर रविवारी परमप्रसादापुढे गुडघे टेकत आला होता, आणि दर वेळी जिभेवर येताच त्याचे मन चकतीच्या कडेकडे जाई : फार कोरडी झाली का, भाजली बरोबर का, जरा दमट तर नाही. प्रभू तोंडात येई आणि हा त्याचा माल तपासी. आज डबी बंद होती. तपासायला काही नव्हते. नुसते समोर बसायचे होते, आणि ते त्याला फार जड गेले, मग हळूहळू कमी जड.

थोरला बाहेर आला. डोळे लाल. "दूध उतू गेलं," तो सगळ्यांना म्हणाला.

धाकट्याला खुर्चीतून उठता येईना. थोरल्याने हात पुढे केला. हात धरला गेला, माणूस उभा राहिला, आणि हात सोडायला जरा उशीर झाला.

"तू गाडा नेत होतास तेव्हा मी या खिडकीत होतो," थोरला म्हणाला.

"माहीत होतं मला."

"हाक मारायला पाहिजे होती."

"मारून काय उपयोग, दादा? गाडा उतारावर होता. थांबवला असता तर साच्यासकट न्हाव्याच्या दुकानात गेलो असतो." तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. "मी मात्र वर बघायला पाहिजे होतं."

*

तास भरला तेव्हा फादर टेबलापाशी आले. उशी सरकवून नर्सबाईने आत्याला टेकवून बसवले होते. तिची दोन बोटे आत्याच्या गळ्याशी होती. प्रार्थना झाली. फादरांनी डबी उघडली, परमप्रसाद उचलून सगळ्यांना दाखवला. मग पांढऱ्या कापडावर धरून मोडला.

टक्.

बारीकच, पण स्वच्छ आवाज. सुकी काडी मोडावी तसा.

यंत्राची कड असा आवाज करत नाही. थोरल्याला ते कळले. धाकट्यालाही कळले, आणि त्याने मान खाली घातली, इतकी की त्याला भावाचा चेहरा दिसू नये. पंधरा वर्षे ज्या क्षणासाठी तो भांडला तो आला होता, आणि त्याला तो नको होता. दादाने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवले तर ही म्हातारी तोंड मिटून घेईल.

थोरला जागचा हलला नाही.

"हा तुकडा मोठा आहे," नर्सबाई कुजबुजली. फादरांनी आणखी मोडला. "हाही. थांबा, आधी पाण्याचं बघते." चमचाभर पाणी दिले, आणि आत्याला ठसका लागला. लागला तो थांबेना. तिचा चेहरा काळवंडला, वहिनी पाठ चोळू लागली, फादर तुकडा बोटांत धरून नुसते उभे. ठसका शमला तेव्हा आत्या घामेजली होती.

"नाही जमायचं," नर्सबाई म्हणाली. नर्स म्हणून ती ठामपणे म्हणाली. शेवटचा शब्द नातीच्या आवाजात निघाला. "एवढासा तुकडासुद्धा श्वासनळीत गेला तर... फादर, नाही जमायचं."

आत्या डबीकडे बघत होती, रांगेतले शेवटचे माणूस बघते तशी.

"फादर," थोरला म्हणाला.

तो टेबलावर वाकला होता. त्याची बोटे कापडाला लागत नव्हती, नुसती दाखवत होती. उभी हयात त्याने चुरा शोधण्यात घालवली होती : कापडाच्या घडीत, चाळणीच्या कडेला, पाट्याच्या फटीत. पांढऱ्यावरचा पांढरा कण त्या खोलीत दुसऱ्या कुणाला दिसणे शक्य नव्हते.

"तिथे. मोडताना पडलाय. तोही पूर्णच ना, फादर?"

"पूर्ण," फादर म्हणाले. "काही कमी नाही त्यात."

नर्सबाईने चमच्यात घट्ट केलेल्या पाण्याचा थेंब घेतला. फादरांनी तो कण बोटाच्या टोकाने टिपून त्यावर ठेवला.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," आत्या म्हणाली, आणि तिने तोंड उघडले.

सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. कातडे वर गेले, तिथेच थांबले, थांबलेच, आणि मग खाली आले. नर्सबाईने बोटे काढली नाहीत. बराच वेळ काढली नाहीत.

"उतरलं," ती म्हणाली.

मग थोरल्याने तोंड उघडले, मग धाकट्याने. एकाच परमप्रसादाचे दोन तुकडे. थोरल्याने तो जिभेवर ठेवला आणि कडेचा विचार केला नाही. म्हणजे केला, पण सवयीने, आणि सोडून दिला.

फादरांनी डबीत पाणी घालून ती विसळली, पाणी स्वतः प्यायले. खिडकीतून दुपारचे ऊन कापडावर आले होते. आता त्यावर खरोखरच काही नव्हते. थोरल्याने दोनदा पाहून घेतले.

"काय रे," आत्याने डोळे मिटूनच विचारले, "कुणाची होती ती?"

धाकट्याने श्वास रोखला.

"मला नाही कळलं, आत्या," थोरला म्हणाला.

कबुली दिल्यापासूनचे हे त्याचे पहिले खोटे. फादर डबी पुसण्यात फारच गुंतलेले दिसले.

आत्या हसली असावी, पण ठसका लागला नाही. धाकटा पुन्हा त्या खोलगट खुर्चीत जाऊन बसला, या वेळी मुद्दाम. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दूध आहे थोडं उरलेलं. चहा किती जणांचा टाकू?"

"सगळ्यांचा टाक," आत्या म्हणाली. "माझं झालं."